सक्रिय व निष्क्रिय फंडांची संमिश्र गुंतवणूक

सक्रिय व निष्क्रिय फंडांची संमिश्र गुंतवणूक म्हणजे बाजार निर्देशांकाचे अनुकरण करणारे निष्क्रिय फंड आणि व्यवस्थापकाच्या निवडीवर चालणारे सक्रिय फंड एकाच व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या गुंतवणूक-संचात ठरावीक प्रमाणात ठेवण्याची पद्धत होय. बहुधा संचाचा मोठा भाग निष्क्रिय फंडांत ठेवला जातो व त्यास गाभा म्हणतात. उरलेल्या लहान भागात निवडक सक्रिय फंड असतात. या लहान भागाला उपग्रह म्हणण्याची प्रथा असल्याने ही रचना व्यवहारात ‘कोअर-सॅटेलाइट’ या नावाने ओळखली जाते.

निष्क्रिय फंड स्वस्त असून बाजाराइतका परतावा देतात, तर सक्रिय फंड बाजाराहून अधिक देण्याचा प्रयत्न करतात आणि त्यासाठी अधिक शुल्क घेतात. दोन्ही जवळ ठेवल्याने दोहोंचे लाभ आपोआप मिळतात, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात हा लाभ तीन गोष्टींवर अवलंबून असतो : सक्रिय भाग निर्देशांकापेक्षा कितपत वेगळा आहे, त्यासाठी किती शुल्क द्यावे लागते, आणि मंदीच्या वर्षांत तो टिकवून धरला जातो की नाही. मोठ्या शहरांबाहेर, जेथे सल्ला व विक्री बहुधा एकाच व्यक्तीकडून होते, तेथे हे प्रश्न अधिक तीव्र होतात. त्या दृष्टीने या लेखात विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यातील बचतीचे स्वरूप उदाहरणादाखल घेतले आहे.

संज्ञा

‘निष्क्रिय’ या शब्दास मराठीत आळसाची छटा असल्याने ही संज्ञा काहीशी दिशाभूल करते. निर्देशांक स्वतः स्थिर नसतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी ५० या निर्देशांकाची रचना वर्षातून दोनदा तपासली जाते. ज्या कंपन्यांचे बाजारमूल्य घटले त्या बाहेर पडतात व वाढलेल्या आत येतात. प्रत्येक कंपनीचा भार तिच्या जनतेच्या हाती असलेल्या शेअरांच्या बाजारमूल्यानुसार ठरतो. हा सर्व बदल आधी जाहीर केलेल्या नियमांनुसार होतो आणि फंड व्यवस्थापकाने त्यात स्वतःचे मत घालायचे नसते. एवढ्याच अर्थाने तो फंड निष्क्रिय असतो.

सक्रिय फंडात कोणते शेअर घ्यायचे, किती घ्यायचे व कधी विकायचे हे व्यवस्थापक व त्याचा अभ्यासगट ठरवतो. फंडाचे यश त्याच्या मानदंडाशी, म्हणजे संबंधित निर्देशांकाशी, तुलना करून मोजले जाते. फेब्रुवारी २०१८ पासून भारतात ही तुलना लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी करणे बंधनकारक आहे. त्यापूर्वी लाभांश वगळलेला निर्देशांक वापरला जात असे, त्यामुळे अनेक सक्रिय फंडांची कामगिरी होती त्यापेक्षा उजळ दिसे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संमिश्र संचाची सैद्धान्तिक मांडणी १९७३ मध्ये जॅक ट्रेनर व फिशर ब्लॅक यांनी केली. बाजाराचे अनुकरण करणारा संच पायाभूत धरून, ज्या मोजक्या शेअरांविषयी स्वतंत्र अंदाज आहे त्यांचा छोटा सक्रिय संच त्यास जोडावा, अशी त्यांची कल्पना होती. सक्रिय भागाकडून अपेक्षित असलेला अधिकचा परतावा जितका जास्त, तितका त्याचा वाटा मोठा. मात्र त्या अपेक्षेतील अनिश्चितता जितकी मोठी, तितका तो वाटा कमी. आज वापरल्या जाणाऱ्या ७० : ३० किंवा ८० : २० अशा ढोबळ प्रमाणांमागील विचार मुळात हाच आहे, जरी ती प्रमाणे सांगणारे क्वचितच हे गणित मांडतात.

सामान्य गुंतवणूकदारासाठीचा पहिला निर्देशांक फंड जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने १९७६ मध्ये अमेरिकेत आणला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा असताना सुमारे १ कोटी १३ लाख डॉलरच जमले आणि या प्रयोगाची टिंगल झाली. पुढे १९९१ मध्ये विल्यम शार्प यांनी एका छोट्या निबंधात दाखवले की, सर्व सक्रिय गुंतवणूकदार मिळून बाजारच असल्याने त्यांचा खर्चापूर्वीचा सरासरी परतावा बाजाराइतकाच असणार, आणि खर्च वजा जाता तो निष्क्रिय गुंतवणूकदारांपेक्षा कमीच पडणार. या युक्तिवादाला भारताच्या संदर्भात एक पुरवणी जोडावी लागते. येथील बाजारात म्युच्युअल फंडांखेरीज प्रवर्तक, परदेशी संस्था व लाखो वैयक्तिक व्यापारी आहेत. त्यामुळे फंडांचा गट इतरांच्या तोट्यावर बाजारापेक्षा पुढे राहणे अशक्य नाही.

भारतातील वाटचाल

भारतात म्युच्युअल फंडांचा आरंभ युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या १९६४ मधील ‘यूएस-६४’ योजनेने झाला. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी नोकरदार वर्गाने ही योजना जवळजवळ मुदत ठेवीसारखी मानली. तिच्या खरेदी-विक्रीची किंमत मालमत्तेच्या बाजारमूल्यावरून न ठरता प्रशासकीय निर्णयाने ठरत असे. दरम्यान तिच्या संचात शेअरांचे प्रमाण वाढत गेले. बाजार कोसळल्यावर २ जुलै २००१ रोजी योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी स्थगित झाली, आणि निवृत्तिवेतनाला पूरक म्हणून तिच्यावर विसंबलेल्या अनेकांना आपण शेअर बाजारात आहोत हे तेव्हा कळले. संचाच्या पारदर्शकतेचा मुद्दा भारतात पुढे येण्यास ही घटना बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली.

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९८६ मध्ये, तर निफ्टी ५० हा १९९६ मध्ये सुरू झाला. त्यावर आधारित फंड १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले, आणि निफ्टीवर आधारित पहिला ईटीएफ, ‘निफ्टी बीज’, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या अखेरीस आणून जानेवारी २००२ मध्ये बाजारात नोंदवला. बराच काळ या फंडांना फारशी मागणी नव्हती. चित्र बदलण्यास नियामक सेबीचे दोन निर्णय उपयोगी पडले. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाचे कमिशन वगळून थेट खरेदी करता येण्याजोग्या ‘डायरेक्ट’ योजना सुरू झाल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे वर्गीकरण ठरले : बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप व त्यापुढील स्मॉल कॅप. लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडाला किमान ८० टक्के रक्कम पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावी लागते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या फंडात मध्यम व लहान कंपन्यांचे शेअर मिसळून निर्देशांकाला मागे टाकण्याचा जुना मार्ग अरुंद झाला. सक्रिय फंडांची निर्देशांकाशी तुलना करणाऱ्या ‘स्पिवा’ अहवालांत दीर्घ कालावधीत भारतातील निम्म्याहून अधिक लार्ज कॅप फंड मागे पडलेले दिसतात. मिड व स्मॉल कॅप गटात चित्र कालखंडानुसार बदलते. या अहवालांत मध्येच बंद वा विलीन झालेल्या योजनाही हिशेबात धरल्या जातात, जे यशस्वी फंडांच्या नेहमीच्या याद्यांत होत नाही.

पुनरावृत्तीचा दोष

संमिश्र संचात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे एकच वस्तू दोन दरांनी विकत घेणे. निफ्टी निर्देशांक फंड व लार्ज कॅप सक्रिय फंड यांत त्याच मोठ्या बँका, माहिती-तंत्रज्ञान कंपन्या व तेलकंपन्या असतात, कारण दोघांचे क्षेत्र एकच आहे.

समजा, एखाद्याच्या शेअर-संचात ६० टक्के निर्देशांक फंड व ४० टक्के लार्ज कॅप सक्रिय फंड आहे, आणि सक्रिय फंडाचा ६० टक्के भाग निर्देशांकाशी जुळतो. मग सक्रिय फंडाचा खरोखर वेगळा भाग ४० टक्क्यांच्या ४० टक्के, म्हणजे संपूर्ण संचाच्या केवळ १६ टक्के उरतो. सक्रिय फंडाचे शुल्क निर्देशांक फंडापेक्षा १ टक्क्याने अधिक असेल, तर ते मात्र पूर्ण ४० टक्क्यांवर आकारले जाते. हा अधिकचा खर्च वेगळ्या भागावर विभागला असता वर्षाला २.५ टक्के पडतो. म्हणजे नुसती बरोबरी साधण्यासाठी त्या वेगळ्या भागाने दरवर्षी निर्देशांकापेक्षा २.५ टक्के अधिक कमावले पाहिजेत. मार्टिन क्रेमर्स व अँटी पेटाजिस्टो यांनी २००९ मध्ये मांडलेले ‘सक्रिय वाटा’ हे माप याच वेगळेपणाची टक्केवारी सांगते. फंडकंपन्या दरमहा आपला संपूर्ण संच जाहीर करीत असल्याने ही तपासणी सामान्य वाचकालाही करता येते.

असेच दुसरे उदाहरण पाच-सहा सक्रिय फंड एकत्र बाळगण्याचे आहे. एक व्यवस्थापक औषध कंपन्या घेतो तेव्हा दुसरा त्या विकत असतो. सर्वांची बेरीज निर्देशांकाजवळ येते व शुल्क मात्र प्रत्येकाला द्यावे लागते. शार्प यांनी संपूर्ण बाजाराविषयी जे म्हटले, ते अशा वेळी एका घरातच घडते. म्हणून उपग्रह भागात एक किंवा दोनच फंड असणे, आणि तेही गाभ्यात नसलेल्या क्षेत्रातील, जसे मध्यम व लहान कंपन्यांतील, असणे तर्काला धरून आहे.

गाभ्यालाही स्वतःची मर्यादा आहे. निफ्टी ५० मध्ये अलीकडच्या वर्षांत अर्ध्याहून अधिक भार पहिल्या दहा कंपन्यांवर राहिला असून वित्तीय क्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. निर्देशांक वाईट कंपनीला अगोदर ओळखू शकत नाही. सत्यम कॉम्प्युटर ही ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपर्यंत सेन्सेक्स व निफ्टी या दोन्हींत होती.

खर्चाचा परिणाम

सेबीच्या २०१९ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार सक्रिय शेअर-फंडाला पहिल्या ५०० कोटींच्या मालमत्तेवर कमाल २.२५ टक्के वार्षिक खर्च आकारता येई. मालमत्ता वाढेल तशी ही मर्यादा उतरत ५०,००० कोटींच्या पुढील भागावर १.०५ टक्क्यांवर येई. निर्देशांक फंडांसाठी कमाल मर्यादा १ टक्का ठेवली होती. प्रत्यक्षात निफ्टीवरील अनेक फंडांच्या डायरेक्ट योजनांचा खर्च त्याहून कितीतरी कमी असतो.

दरमहा ५,००० रुपयांची गुंतवणूक २० वर्षे केली, आणि खर्चापूर्वीचा परतावा वार्षिक ११ टक्के गृहीत धरला, तर ०.२ टक्के खर्चाच्या फंडात सुमारे ४२ लाख १५ हजार रुपये होतात. १.८ टक्के खर्चाच्या फंडात तीच रक्कम सुमारे ३४ लाख २५ हजार होते. दोन्हींत भरलेली मुद्दल १२ लाखच असते. ११ टक्के हा दर केवळ उदाहरणासाठी असून बाजार असा सरळ रेषेत कधीच वाढत नाही. पण खर्च मात्र तेजी-मंदी न पाहता दरवर्षी वजा होतो. ७० टक्के भाग ०.२ टक्के खर्चाचा व ३० टक्के भाग ०.८ टक्के खर्चाच्या डायरेक्ट सक्रिय योजनेचा ठेवल्यास संपूर्ण संचाचा खर्च ०.३८ टक्के येतो. तोच सक्रिय भाग १.८ टक्क्यांच्या ‘रेग्युलर’ योजनेत असल्यास तो ०.६८ टक्के होतो.

रेग्युलर योजनेतील अधिकच्या शुल्कातून वितरकास कमिशन मिळते. अर्ज भरणे, वारसनोंद, गुंतवणूकदाराच्या मृत्यूनंतरचे दावे ही कामे वितरक करतो, व ज्यास ती स्वतः जमत नाहीत त्याच्या दृष्टीने या शुल्काचे मोल आहे. परंतु निर्देशांक फंडावरील कमिशन अत्यल्प असल्याने तो सुचवण्यात वितरकाचे हित नसते.

बुलढाणा जिल्ह्यातील बचतीचा संदर्भ

अमरावती विभागातील या तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात बचतीचे परंपरागत मार्ग म्हणजे जमीन, सोने-चांदी, टपाल खाते, आयुर्विमा आणि सहकारी संस्थांतील मुदत ठेवी. खामगावची चांदीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. बुलढाणा शहरात १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलढाणा अर्बन ही बहुराज्यीय पतसंस्था देशातील मोठ्या सहकारी पतसंस्थांत गणली जाते. ठेवीची सवय येथे इतकी खोल रुजलेली आहे की, फंडाविषयी पहिला प्रश्न ‘व्याज किती?’ असाच विचारला जातो. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. हे संरक्षण सहकारी बँकांनाही लागू असले, तरी पतसंस्थांतील ठेवींना ते मिळत नाही. म्युच्युअल फंडात असा विमा नसतो व परताव्याची हमीही नसते.

जिल्ह्यातील मोठ्या वर्गाचे उत्पन्न मासिक नसून हंगामी आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कापसाची वेचणी त्यानंतर काही महिने चालते, तूर व हरभरा हिवाळ्याच्या अखेरीस येतात. याउलट जून महिन्यात बियाणे, खते व मजुरीसाठी रोकड लागते. अशा कुटुंबास मासिक एसआयपीची नेहमीची शिफारस जशीच्या तशी लागू पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला की बँकेचा दंड बसतो, आणि सलग हप्ते चुकल्यास एसआयपी रद्द होते. त्यापेक्षा पीककर्जाची परतफेड व पुढील पेरणीचा खर्च बाजूला काढून उरलेली रक्कम लिक्विड फंडात ठेवावी आणि तेथून ती दरमहा निर्देशांक फंडात वळवण्याची सूचना देऊन ठेवावी, ही व्यवस्था अधिक सोयीची ठरते. पेरणीचा पैसा मात्र शेअरांवर आधारित कोणत्याही फंडात, मग तो सक्रिय असो वा निष्क्रिय, ठेवण्याजोगा नसतो.

उपग्रह भागाची निवड करतानाही उत्पन्नाचा स्रोत पाहावा लागतो. ग्रामीण बाजारपेठ, खते वा कृषी-उद्योग यांवर आधारित विषयनिष्ठ फंड शेतकऱ्यास ओळखीचा वाटतो. परंतु पाऊस हुकला की त्याचे पीक व हा फंड एकाच वेळी अडचणीत येण्याची शक्यता असते. तीच गोष्ट सोयाबीन प्रक्रिया किंवा जिनिंग व्यवसायातील कुटुंबांची.

नोकरदारांची स्थिती निराळी आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या अनेकांची निवृत्तीची रक्कम राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत आहे, व शासकीय कर्मचाऱ्यांच्या मूळ योजनेत त्यातील काही भाग शेअरांत गुंतवला जातो. संचाची मोजदाद करताना हा भागही धरणे आवश्यक असते. पगार नियमित असल्याने मासिक हप्त्याची पद्धत या वर्गास सोयीची पडते.

प्रमाणाचा प्रश्न

सक्रिय-निष्क्रिय प्रमाणावर होणारी चर्चा पुष्कळदा त्याहून मोठ्या निर्णयास झाकून टाकते. एका काल्पनिक कुटुंबाकडे १० लाख रुपये आहेत असे धरू : ५ लाख ठेवींत, ३.५ लाख निर्देशांक फंडात व १.५ लाख सक्रिय फंडात. सक्रिय फंडाने निर्देशांकापेक्षा दरसाल २ टक्के अधिक दिले, तर वर्षाचा अधिकचा लाभ ३,००० रुपये होतो. २ टक्के कमी दिले, तर तेवढाच तोटा. आता १४ जानेवारी ते २३ मार्च २०२० या काळाचा विचार करावा. निफ्टी १२,३६२ वरून ७,६१० पर्यंत, म्हणजे सुमारे ३८ टक्के उतरला. अशा घसरणीत या कुटुंबाच्या शेअर-भागाचे मूल्य १.९ लाखांनी घटते. त्यांनी आणखी १ लाख रुपये ठेवीतून काढून फंडात ठेवले असते, तर घट ३८,००० रुपयांनी वाढली असती. ठेवी व शेअर यांतील विभागणी आधी पक्की करून मगच सक्रिय-निष्क्रिय विभागणीकडे वळावे, असे यावरून दिसते.

समतोल व कर

काळाच्या ओघात एक भाग दुसऱ्यापेक्षा वेगाने वाढून प्रमाण बिघडते. ते पूर्ववत करण्यासाठी वर्षातून एकदा तपासणी करणे, व ठरलेल्या प्रमाणापेक्षा सुमारे ५ टक्क्यांहून अधिक फरक पडला तरच बदल करणे, अशी पद्धत रूढ आहे. विक्री करण्याऐवजी नवी रक्कम मागे पडलेल्या भागात घालणे करदृष्ट्या स्वस्त पडते. २३ जुलै २०२४ पासून शेअर-फंडांवरील एका वर्षाहून अधिक काळाच्या नफ्यावर, वार्षिक १.२५ लाख रुपयांपुढील रकमेवर, १२.५ टक्के कर आहे. अल्पकालीन नफ्यावर तो २० टक्के आहे. ३ लाखांचा दीर्घकालीन नफा एकाच वर्षी मोकळा केल्यास उपकर वगळता २१,८७५ रुपये कर येतो. तोच दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागल्यास बराचसा वाचू शकतो. फंडाच्या आत व्यवस्थापकाने केलेल्या खरेदी-विक्रीवर गुंतवणूकदारास कर भरावा लागत नाही. एका फंडातून दुसऱ्यात गेल्यास, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी, भरावा लागतो.

टीका व मर्यादा

या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप असा की, पुढे यशस्वी ठरणारा सक्रिय फंड आधी ओळखता आला पाहिजे, आणि मागील कामगिरी त्यासाठी कच्चा आधार आहे. उत्तम फंडही सलग दोन-तीन वर्षे निर्देशांकामागे राहू शकतो. नेमक्या त्या काळात तो विकून नुकत्याच चमकलेल्या फंडात जाणाऱ्यास दोन्हीकडचा तोटा सोसावा लागतो. म्हणून फंड घेतानाच तो सोडण्याच्या अटी लिहून ठेवण्याची शिफारस केली जाते : व्यवस्थापक बदलणे, फंडाचे धोरण बदलणे, किंवा पाच ते सात वर्षांच्या कालावधीत लाभांशयुक्त निर्देशांकामागे राहणे. ज्यास ही देखरेख करायची नाही त्याने केवळ निर्देशांक फंड ठेवला तरी संचात काही उणीव राहत नाही. निफ्टी ५० बाहेरील कंपन्यांसाठी निफ्टी नेक्स्ट ५० व निफ्टी मिडकॅप १५० यांवरील निष्क्रिय फंडही उपलब्ध आहेत.

स्मॉल कॅप फंडांत तरलतेचा प्रश्न असतो. घसरणीत लहान कंपन्यांच्या शेअरांना ग्राहक मिळत नाही. मार्च २०२४ पासून मिड व स्मॉल कॅप फंड आपल्या संचाचा पाव व अर्धा भाग विकण्यास किती दिवस लागतील याचा अंदाज दरमहा प्रसिद्ध करतात.

रोखे फंड

सक्रिय-निष्क्रिय हा भेद रोखे फंडांनाही लागू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आलेला भारत बाँड ईटीएफ हा सार्वजनिक उपक्रमांच्या रोख्यांवरील, ठरावीक मुदतीचा निष्क्रिय फंड आहे. त्याउलट अधिक व्याजासाठी कमी प्रतीचे रोखे घेणाऱ्या सक्रिय फंडांची जोखीम २३ एप्रिल २०२० रोजी दिसून आली. त्या दिवशी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा रोखे योजना गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. गुंतवणूकदारांची रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाली, परंतु दरम्यानच्या काळात ती इच्छेनुसार काढता येत नव्हती.